खाडी आली की उतरायचं

सायकलवरून किनाऱ्याकिनाऱ्यानं गोव्यापर्यंत जायचं म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यासमोर एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला नारळी-पोफळी आणि मधून सपाट डांबरी रस्ता असंच चित्र येतं. असा रस्ता आहे, नाही असं नाही, पण तो एका दमात चार-पाच किलोमीटरच्या वर काही टिकत नाही. लगेच खाडी आडवी येते. मग उतार, मग जेटी, मग बोट नाहीतर पूल, आणि पलीकडे लागलं की जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे वरच्या खडकाळ पठारावर, चढवणारा घाट, तिथं वर थोडा वेळ वारा खात सायकल पळवली की परत उतार, परत खाडी. रेवस ते रेडी अख्खा किनारा असाच आहे. फोनमधला चढउताराचा आलेख बघितला तर करवतीचे दात दिसतात आणि दोन दातांमधल्या खाचेत एकेक नदी बसलेली असते. कुंडलिका, सावित्री, भारजा, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी, अर्जुना, वाघोटण, गड, कर्ली, तेरेखोल. शाळेत नद्या उत्तर-दक्षिण क्रमाने लिहा असा प्रश्न यायचा तेव्हा ही यादी घोकून मार्क मिळवले होते, आता तीच यादी मांड्यांना पाठ झालीय.

कारनं गेलात तर हे कळत नाही. कारमध्ये खाडी म्हणजे फेरीबोटीसाठी लागलेली लाइन, नाहीतर पुलावरून जाताना डावीकडे 'अय्या, किती छान' असं म्हणायची जागा. सायकलवर नदी आधी पायांना कळते, मग डोळ्यांना. उतार सुरू झाला, हवा दमट झाली, चिखलाचा आणि सुक्या मासळीचा वास आला की समजायचं, पाणी जवळ आलं.

आम्ही दोघी निघालो, मी आणि माझी एक मैत्रीण, हिवाळ्यात, भाऊच्या धक्क्यावरून. मांडव्याला जाणारी मोठी रो-रो बोट २०२० पासून सुरू झाली, तिच्यात सायकली गाड्यांच्या बाजूला बांधून ठेवता येतात आणि तासाभरात पलीकडे. एसी, कॉफी, सेल्फी. मी मात्र डेकवर उभी राहून डावीकडे बघत होते कारण आमच्या घरात लहानपणी रेवसच्या बोटीचं नाव निघालं की आजी गप्प व्हायची. १७ जुलै १९४७ ला 'रामदास' बोट याच भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जायला निघाली होती आणि वाटेत काश्याच्या खडकाजवळ बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली. तेव्हा कोकणात जायचं म्हणजे पाण्यानंच जायचं हा नियम होता, रस्ता हा नंतरचा प्रकार. दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला, ही सगळी आज आपल्याला फाट्यावरून आत पंचवीस-तीस किलोमीटर वाटतात, पण ती आत नाहीतच, ती दारातली गावं आहेत, आपण मागच्या बाजूनं येतोय.

अलिबाग ते रेवदंडा पट्टा सपाट, पाय मोकळे करायला उत्तम. या भागात खाडीकाठी एक गोष्ट मुद्दाम उतरून बघण्यासारखी आहे, ती म्हणजे खारजमिनीचे बांध. खाडीचं पाणी अडवून आत भात करायचं, त्यासाठी मातीचा लांबच लांब बांध आणि त्यात मध्येमध्ये उघाडी, म्हणजे पाणी सोडायची वाट. उघाडीला बाहेरच्या बाजूनं झाप, म्हणजे झडप, असते. भरतीचं पाणी बाहेरून रेटतं तेव्हा ती आपोआप गच्च बंद होते, खारं पाणी आत येत नाही, आणि ओहोटीला बाहेरची पातळी उतरली की आतलं पावसाचं गोडं पाणी त्याच झापेला ढकलून बाहेर पडतं. ना मोटर, ना माणूस. आम्ही बांधावर सायकली आडव्या टाकून बसलो आणि त्या झापेच्या फटीतून सुर्रकन निघणारं पाणी बघत बराच वेळ घालवला, मैत्रीण इंजिनिअर आहे त्यामुळे ती तर हललीच नाही तिथून. बांध फुटला, उघाडी नादुरुस्त झाली की शेतात खारं शिरतं आणि मग ती जमीन वर्षं-वर्षं उठत नाही, तिथं कांदळ, म्हणजे खारफुटी, माजतं. तसे पट्टेही पुढे दिसले.

रेवदंड्याला कुंडलिका पुलावरून ओलांडली, मुरुड मागं टाकलं, आगरदांड्याला पोचलो तर बोट नुकतीच सुटलेली. दिघीची पुढची बोट येईपर्यंत जेटीवर एक म्हातारे कोळी आजोबा जाळं विणत बसले होते त्यांच्याशी गप्पा. मी फोनवर भरतीच्या वेळा शोधत होते, रेंज येत नव्हती. आजोबा म्हणाले, "आज तिथी कुठची?" कॅलेंडर आमच्याकडे नव्हतं, त्यांच्याकडे डोक्यात होतं. दशमी. "दाहाचा पाऊणपट कर." साडेसात. साडेसातला पूर्ण भरती, त्यानंतर सहा तासांनी ओहोटी, म्हणजे दीड-पावणेदोनला पाणी तळाला. अष्टमीला आठाचा पाऊणपट सहा. एकादशीला सव्वाआठ. रोज पाऊण तास पुढे सरकतं, संपला विषय. चंद्र रोज तेवढाच उशिरा येतो म्हणून हा हिशेब जमतो, पण आजोबांना चंद्राचं स्पष्टीकरण द्यायची गरज वाटली नाही. आम्ही तिथपासून खाली तेरेखोलपर्यंत हाच हिशेब वापरला, थोडाफार इकडेतिकडे होतो, पण अॅपपेक्षा भरवशाचा. रेंज लागत नाही हा मोठाच फायदा.

दुसऱ्या दिवशी म्हणजे एकादशीला, हरिहरेश्वरहून सकाळी निघून बागमांडल्याला आलो. सावित्रीची खाडी. पलीकडे वेश्वी, आणि खाडीच्या तोंडावर टेकडीवर बाणकोटचा किल्ला. सव्वाआठला भरती झालेली, आता साडेदहा-अकरा वाजलेले, म्हणजे ओहोटी ऐन जोरात. बोटीचा पुढचा फळा साखळ्यांवरून खडखडत सिमेंटच्या उतारावर टेकला, आधी मोटारसायकली, मग एक टेम्पो, मग आम्ही. आणि बोट सुटल्यावर मला दिसलं की तिचं नाक पलीकडच्या जेटीकडे नाहीच. ती चक्क डावीकडे, वरच्या अंगाला, महाडच्या दिशेनं तोंड करून चाललीय. नाक एकीकडे, प्रवास दुसरीकडे. ओहोटीचं पाणी बोटीला उजवीकडे समुद्राकडे ओढत होतं, आणि बोट हाकणारा तांडेल ते ओढणं धरूनच कोन ठेवून होता, त्यामुळे आम्ही तिरके तिरके सरकत बरोबर वेश्वीच्या उतारावर येऊन लागलो, एक हात इकडेतिकडे नाही. चाकाजवळ उभा असलेला पोरगेलासा खलाशी मात्र हे सगळं होत असताना मोबाइलवर क्रिकेट बघत होता. त्याला काय त्याचं!

या सावित्रीचं मला फार कौतुक आहे. क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात पाच नद्या एकत्र दाखवतात, कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री. सगळ्यांनी पाहिलंय ते, गोमुखातून पाणी पडतं वगैरे. पण पुढचं कुणी बघत नाही. कृष्णा तिथून पूर्वेला वळते आणि चौदाशे किलोमीटर चालत, तीन-चार राज्यं फिरून बंगालच्या उपसागराला मिळते. सावित्री त्याच डोंगराच्या पश्चिम कड्यावरून खाली उडी मारते आणि शंभर-एकशेदहा किलोमीटरमध्ये तिचा सगळा संसार आटोपतो, पोलादपूर, महाड, आंबेत, बाणकोट, झालं. एका कड्याच्या अलीकडे की पलीकडे, एवढाच फरक. आर्थर सीटवरून खाली जी दरी दिसते ती हिचीच. त्या आर्थरचीही गोष्ट सांगतात, आर्थर मॅलेट नावाचा इंग्रज अधिकारी, त्याची बायको आणि तान्हं मूल इथे बाणकोटच्या खाडीत बोट उलटून बुडाले, आणि तो मग त्या कड्यावर येऊन समुद्राच्या दिशेनं बघत बसायचा. पॉइंटवर चणे-दाणे खात आपण ती पाटी वाचतो, पण खालून, बोटीतून, ती गोष्ट वेगळी लागते.

आणि ही लहान नदी म्हणून गरीब समजू नये. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा ब्रिटिशकालीन पूल हिच्या पुरानं नेला, त्यावरच्या दोन एसटी गाड्या आणि इतर वाहनं माणसांसकट गेली. घाटावरची नदी फुगायला दोन दिवस घेते, गावाला निरोप मिळतो. कोकणातल्या नदीला कडा आणि समुद्र यांच्यात जागाच कमी. वर सकाळी कोसळलं की दुपारी खाली पाणी, आणि त्याच वेळी खालून भरती असेल तर ते पाणी जायचं कुठे?

बाणकोटच्या या खाडीतच पुलाचे अर्धवट खांब वर्षानुवर्षं उभे आहेत. सागरी महामार्गाचं स्वप्न अंतुल्यांचं, ते १९८० ते ८२ मुख्यमंत्री होते, आणि ते स्वतः इथलेच, आंबेतचे. रेवस-रेडी रस्ता कागदावर तेव्हापासून आहे. आता पुन्हा मोठ्या खाड्यांवर पूल मंजूर झालेत, काहींची कामं सुरूही झालीत. सायकलवाल्यांच्या ग्रुपवर यावरून हळहळ चालते, फेरीची मजा जाणार, कोकण बदलणार. मला हे जरा चिडचिड करणारं वाटतं. आपण वर्षातून एकदा येणार, बोटीवर वारा खाणार, आणि त्या मजेसाठी पलीकडच्या बाईनं रात्री दोन वाजता कळा सुरू झाल्यावर पहिल्या बोटीची वाट बघायची की काय? दाभोळहून समोर धोपावे दिसतं, हाक मारली तर ऐकू जाईल असं वाटतं, आणि गाडीनं जायचं तर खेड-चिपळूणवरून शंभर किलोमीटरच्या वर वळसा. पूल व्हायलाच पाहिजेत. फक्त पुलावर सायकलला आणि चालणाऱ्याला एक कडेची पट्टी ठेवा म्हणावं, आणि मध्ये कुठेतरी उभं राहून पाणी बघायला चार फूट जागा. एवढं मागायला हरकत नाही.

वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै हा भाग आम्ही पाय ओढत काढला, सुंदर आहे, पण इतके चढ की सुंदर म्हणायला श्वास उरत नाही. केळशीच्या अलीकडे एका घरी कुळथाची पिठी आणि भात मिळाला, वर खोबऱ्याची चटणी. यापेक्षा जास्त काही लिहीत नाही कारण तेवढ्यासाठी परत जावंसं वाटतं.

दाभोळ. वरून उतरताना एका वळणावर अख्खी वाशिष्ठी समोर येते, रुंद, करडी, आणि खाली मशिदीचा घुमट. एके काळी बहमनी आणि मग आदिलशाहीचं हे मोठं बंदर होतं, घोडे आणि मसाले आणि कापड इथून ये-जा करायचं. आता धक्क्यावर मच्छीमारी बोटी आणि फेरी. ही फेरी २००३ साली सुरू झाली, तोवर इथे गाडी पलीकडे न्यायची सोयच नव्हती.

इथे मी मैत्रिणीला विचारलं, हे पाणी कुठलं? ती म्हणाली चिपळूणचं. बरोबर, पण अर्धवट. कोयना ही महाबळेश्वरची दुसरी लेक. ती पूर्वेच्या बाजूची, तिनं कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळायचं आणि तिच्याबरोबर आंध्रात जायचं. पण हेळवाकजवळ तिला धरण घालून अडवली, आणि शिवसागरातलं बरंचसं पाणी डोंगराच्या पोटातून बोगद्यानं पश्चिमेला आणून पोफळीच्या जमिनीखालच्या वीजघरात पाडलं. एकूण १९६० मेगावॉटचा प्रकल्प. वीज करून झाली की ते पाणी काही परत वर जात नाही, कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीत येतं. त्यामुळे बाकीच्या कोकणी नद्या मार्च-एप्रिलमध्ये वरच्या अंगाला दगडगोट्यांची वाट होऊन बसतात तेव्हाही वाशिष्ठी वाहती असते. चिपळूणला तिच्यात मगरींचं बरं चाललंय म्हणतात, मगरी बघायला लोक बोटीतून जातात.

म्हणजे बघा, बाणकोटला आम्ही महाबळेश्वरचं पाणी ओलांडलं, ते आपल्या मनानं आलेलं. दाभोळला परत महाबळेश्वरचंच ओलांडत होतो, ते माणसानं वळवून आणलेलं. एक उडी मारून आली, एकीला बोगद्यातून आणली, आणि दोघी एकाच समुद्राला. हे मला आधी नकाशावर माहीत होतं, नाही असं नाही. पण एका खाडीवरून दुसऱ्या खाडीवर स्वतःच्या पायांनी, मधले सगळे सडे चढून आल्यावर मनात जे जोडलं गेलं ते नकाशानं कधी जोडलं नव्हतं. मैत्रीण म्हणाली, "बंगालच्या उपसागराचं पाणी चोरलंय आपण." बोटीवरच्या एका काकांनी ऐकलं आणि फार गंभीरपणे म्हणाले, "चोरलं नाय हो, लवादानं दिलाय." कृष्णा पाणीवाटपाचा तंटा दाभोळच्या फेरीवर! कोकणी माणसाला कोर्टकचेरीतलं कळत नाही असं म्हणायची सोय नाही.

त्याच काकांनी २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर सांगितला. त्यांची लेक चिपळूणला दिलेली. पहाटे पाणी अंगणात, थोड्या वेळात पहिल्या मजल्याच्या जिन्यावर. पाऊस तर होताच, त्यात पौर्णिमेच्या आधीचे उधाणाचे दिवस, वरून येणारं पाणी आणि खालून चढणारं पाणी बाजारपेठेत भेटलं. "नदीत गाळ किती साचलावता ते बघायला कुणाला टाइम नव्हता," एवढं बोलून ते धोपाव्याला उतरून गेले. पूर्वी या नदीतून गोवळकोटपर्यंत गलबतं वर जायची.

धोपाव्याचा चढ वाईट आहे. गुहागर, हेदवी, मग तवसाळ, समोर जयगड, शास्त्रीची खाडी, परत बोट. जयगडला किल्ला एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला कोळशाची राख, चिमणी, मोठमोठी जहाजं. बघून वाईट वाटावं की बंदर परत बंदर झालं म्हणून बरं वाटावं, हे ठरवता ठरवता गणपतीपुळे आलं. पुढे रत्नागिरी, भाट्याचा पूल, तिथं सायकली धुवून घेतल्या, कारण खाडीचं खारं आणि वाळू चेनमध्ये गेली की दोन दिवसांत ती कुरकुरायला लागते. रोज रात्री गोड्या पाण्याची बादली आणि जुना ब्रश, हे कोकणातल्या सायकलिंगचं निम्मं शास्त्र.

पूर्णगडला, मुचकुंदीच्या काठी, ऐन ओहोटी होती आणि खडकांवर चार-पाच बायका कालवं काढत होत्या. आम्ही खाली उतरून बघत बसलो. कालव खडकाला चिकटलेलं असतं, दगडाचाच भाग वाटतं. ती बाई हातातल्या लोखंडी टोच्यानं एक हलका ठोका द्यायची, वरची शिंपली उडायची, आतला राखाडी मऊ गोळा टोकानंच उचलून डब्यातल्या पाण्यात टाकायचा, पुढचं. खालची शिंपली खडकालाच राहते, त्यामुळे पूर्ण खडकावर पांढऱ्या वाट्या-वाट्या. एका हाताला हातमोजा म्हणून सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवलेला, तो बघून आम्हाला आमची स्पेअर ट्यूब आठवली. डबा भरायला अडीच-तीन तास, कंबर वाकलेली, पाणी घोट्यावरून पोटरीवर आलं की उठायचं.

"दोघीच काय गो? घो खंय ठेवलात?" एकीनं विचारलं आणि बाकीच्या हसल्या. आम्ही सांगितलं, घरी. "बरां केलात," ती म्हणाली, आणि मग तिचा खरा प्रश्न: पोचायची घाई आहे का? नाही म्हटल्यावर, "मग रोजचा असा उन्हात किती चालवता?" आम्ही सांगितलेला आकडा ऐकून तिनं मैत्रिणीच्या मांडीकडे एकदा निरखून बघितलं आणि काही बोलली नाही. तिच्या कामाचे तास पाणी ठरवतं. अमावास्या-पौर्णिमेला पाणी जास्त खाली जातं, खालचे खडक उघडे पडतात, तेव्हा भरपूर कालवं. अष्टमीच्या आसपास पाणी मधल्यामध्ये खेळत राहतं, तेव्हा आठवडाभर दुसरी कामं.

इथून खाली आमचंही तसंच व्हायला लागलं. पहाटे उठून आधी तिथी, मग पाऊणपट, मग रस्ता. जैतापूरला भरती बघायचीय तर नाश्ता आधी की नंतर, असली चर्चा. गिर्येला वाघोटणच्या खाडीतली आंग्रेकालीन गोदी ओहोटीला बघावी, खडक फोडून केलेला तो खळगा आणि बाजूच्या दगडी भिंती नीट दिसतात. मराठ्यांची गलबतं इथं दुरुस्तीला यायची, भरतीला आत घ्यायची, पाणी उतरलं की बूड कोरडं. ती अलिबागची उघाडी आणि ही गोदी, दोन्हीकडे काम करणारा नोकर एकच, बिनपगारी.

देवगड ते वेंगुर्ला पळत काढलं. खरं तर कर्लीच्या तोंडाशी, देवबागला, एक दिवस राहायचं होतं, पण तिथं इतक्या पॅरासेलिंगच्या आणि स्कूबाच्या पाट्या की संगम दिसायला पाटी बाजूला करावी लागते.

शेवटची तेरेखोल. नदीच्या उत्तरेला किल्ला, पण तो गोव्याचा, महाराष्ट्रातून चालत जाता येतं आणि बाकीच्या गोव्यातून यायला मात्र केरीची फेरी. पोर्तुगीजांनी सोडलेली ही एक चिमटीएवढी जागा. इथं आल्यावर मैत्रिणीला एक गोष्ट लक्षात आली जी माझ्या डोळ्यांतून सुटली होती: जेटीच्या खांबांवरची शेवाळाची काळी रेघ. आगरदांड्याला ती डोक्याच्या खूप वर होती, इथे छातीशी. मुंबईकडे उधाणाला पाणी चार-साडेचार मीटरच्याही वर चढतं, खंबातच्या आखाताकडे जावं तसं वाढत जातं, आणि गोव्याकडे जेमतेम दोन-सव्वादोन. म्हणजे आम्ही दक्षिणेला उतरत होतो आणि भरती रोज थोडी थोडी बुटकी होत होती, आणि ते आम्हाला शेवटच्या जेटीवर कळलं.

केरीला उतरून समोर जे पहिलं हॉटेल दिसलं तिथं फिश थाळी मागवली. जेवता जेवता मी तिला पुढच्या ट्रिपचं सांगितलं: या वेळी सगळ्या नद्या तोंडाशी ओलांडल्या, आता एकच नदी घ्यायची आणि तिला उलटं जायचं. दाभोळहून काठाकाठानं गोवळकोट, चिपळूण, अलोरे, पोफळी. तिथं पाणी बोगद्यातून येतं, आपल्याला काही त्यातून जाता येणार नाही, आपण कुंभार्ली घाट चढून वरून कोयनानगरला जायचं आणि मग शिवसागराच्या कडेनं महाबळेश्वर. तिनं फोनवर घाटाचा आलेख काढला, बराच वेळ बघितला, आणि म्हणाली सोलकढी अजून एक सांग.